मांडणी नेटकी, तर स्क्रिप्ट छोटी

टर्मिनलची ओळख : लेखांक ८

मागच्या लेखांकात आपण पाइप पाहिला. एका कमांडने बाहेर टाकलेला मजकूर दुसरीने उचलायचा, तिचा तिसरीने, ही १९७३ साली युनिक्समध्ये आलेली सोय आजही शेलचा कणा आहे. ओळी मोजणे, याद्या लावणे, फाइलींची नावे बदलणे ही किरकोळ कामे तिच्या जोरावर होतात हे एव्हाना पटले असेल. आता जरा मोठे काम घेऊ: ईमेल. सर्व्हरवरून टपाल आणायचे, नव्या पत्रांची यादी दाखवायची, हवे ते पत्र उघडायचे, वाचून झालेले बाजूला ठेवायचे आणि उत्तर लिहून पाठवायचे. ही पाच कामे करणारी शेल स्क्रिप्ट शंभरेक ओळींत बसते. एरवी याच कामांसाठी आपण वापरतो त्या प्रोग्रामांच्या ओळी लाखांनी मोजाव्या लागतात. हा फरक ऐकला की कुणाला वाटते, स्क्रिप्ट लिहिणारा फार हुशार असणार. कुणाला वाटते, ते नुसते खेळणे असणार. दोन्ही तर्क फसवे आहेत. स्क्रिप्ट छोटी राहते याचे श्रेय पत्रे डिस्कवर कशी मांडली आहेत याला जाते. मांडणी नेटकी असेल तर प्रोग्रामला करण्यासारखे फारसे उरतच नाही, हे आजच्या लेखांकाचे म्हणणे आहे.

आधी पत्र आतून कसे असते ते पाहू. बहुतेक ईमेल सेवांत मूळ पत्र जसेच्या तसे दाखवण्याचा पर्याय असतो. तो निवडला की रंगीत आवरण गळून पडते आणि साधा मजकूर दिसतो. वर हेडरच्या ओळी: फ्रॉम, टू, सब्जेक्ट, डेट, मेसेज-आयडी. प्रत्येक ओळीत आधी नाव, मग कोलन, मग मजकूर. त्यांच्यानंतर एक कोरी ओळ आणि तिच्याखाली पत्र. हा साचा १९८२ सालच्या आरएफसी ८२२ या दस्तऐवजाने पक्का केला. २००१ आणि २००८ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या, पण हेडर, कोरी ओळ, मजकूर हा क्रम हलला नाही. म्हणून हेडर वेगळे काढायचे तर सेड या कमांडला एवढेच सांगावे लागते: पहिली कोरी ओळ येईपर्यंत छापत जा आणि मग थांब. चाळीस वर्षे टिकलेला हा साचा शेलच्या पथ्यावर पडतो. शेलला ओळी कळतात आणि फाइली कळतात; त्यापलीकडे त्याची समज बेताचीच.

एक पत्र असे सरळ असले, तरी हजारो पत्रे ठेवायची कशी हा प्रश्न उरतो, आणि खरी मेख तिथे आहे. नोव्हेंबर १९७१ मधल्या युनिक्सच्या पहिल्या मार्गदर्शिकेतही मेल ही कमांड सापडते. तेव्हापासून रुळलेली पद्धत अशी, की एका माणसाची सगळी पत्रे एकाच फाइलीत, एकाखाली एक जोडत जायची. तिला पुढे एमबॉक्स हे नाव पडले. नवे पत्र कुठे सुरू होते हे ओळखायला खूण एकच: ओळीच्या आरंभी फ्रॉम हा शब्द आणि त्यापुढे मोकळी जागा. पण लिहिणाऱ्याने मजकुरातलीच एखादी ओळ या शब्दाने सुरू केली तर? ती नवे पत्र समजली जाऊ नये म्हणून तिच्या आधी एक कोनी कंस घुसडला जातो, म्हणजे साठवतानाच मजकूर बदलतो. मधले एखादे पत्र काढायचे तर त्यापुढची सगळी फाइल नव्याने लिहावी लागते. ते चालू असताना नवे टपाल आले तर गोंधळ होणार, म्हणून फाइलीला कुलूप घालावे लागते आणि तिला हात लावणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामने ते कुलूप पाळावे लागते. ही सगळी उस्तवार करणारी स्क्रिप्ट छोटी राहणार कशी? तिची निम्मी ताकद पत्रे हाताळण्यापेक्षा फाइल सांभाळण्यातच खर्च होते.

यातून बाहेर पडण्याची वाट अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशनमध्ये सापडली. ब्रूस बॉर्डन यांनी १९७९ मध्ये तिथे एमएच ही मेल-व्यवस्था लिहिली. तिच्यात प्रत्येक पत्राला स्वतःची फाइल होती आणि प्रत्येक कामाला स्वतंत्र कमांड: टपाल आत घेणारी इंक, यादी दाखवणारी स्कॅन, पत्र दाखवणारी शो, उत्तराची रेप्ल, पत्र दुसऱ्या फोल्डरात टाकणारी रीफाइल. एकाच मोठ्या प्रोग्रामात शिरून बसण्याची गरज संपली आणि या कमांडा इतर कोणत्याही कमांडांशी पाइपने जोडता येऊ लागल्या. उणीव एवढीच राहिली, की फाइलींना क्रमांकांची नावे होती आणि कोणते पत्र वाचले, कोणते राहिले याची नोंद वेगळ्या फाइलीत होती. क्रमांक बदलले आणि नोंद मागे राहिली, की दोहोंची फारकत. १९९० च्या दशकात डॅनियल बर्नस्टाइन यांनी क्यूमेल या आपल्या मेल-सर्व्हरसाठी मेलडिर ही मांडणी आखली, तिने ही अडचणही दूर केली. मेलडिरमध्ये टीएमपी, न्यू आणि सीयूआर असे तीन फोल्डर असतात. येणारे पत्र आधी टीएमपीमध्ये पुरते लिहिले जाते आणि मग एका झटक्यात न्यूमध्ये सरकते. एकाच फाइलव्यवस्थेत फाइलीचे नाव बदलणे ही क्रिया अर्धवट राहत नाही. होते ती पूर्ण, नाहीतर होतच नाही. त्यामुळे वाचणाऱ्याला अर्धे पत्र कधी दिसत नाही आणि कुलपाचीही गरज पडत नाही. पत्र पाहिले गेले की ते सीयूआरमध्ये जाते आणि त्याची अवस्था फाइलीच्या नावातच लिहिली जाते: शेवटी कोलन, दोनचा आकडा, स्वल्पविराम आणि पुढे अक्षरे. एस म्हणजे वाचले, आर म्हणजे उत्तर दिले, एफ म्हणजे खूण केली, टी म्हणजे टाकाऊ. कचेरीत आलेल्या कागदाला धक्का न लावता त्याच्या लिफाफ्यावर शेरा मारावा, तसा हा प्रकार. आतला मजकूर पहिल्या दिवशी होता तसाच शेवटपर्यंत राहतो.

मेलडिर हाताशी आली, की पाचांपैकी बहुतेक कामे शेलच्या रोजच्या कमांडांवर येऊन ठेपतात. नवी पत्रे किती? न्यूमधल्या फाइली मोजा. एखादे वाचले म्हणून नोंदवायचे? एमव्हीने फाइल सीयूआरमध्ये न्या आणि नावाला एसची खूण जोडा. जुन्या पत्रांच्या कप्प्यात टाकायचे? पुन्हा एमव्ही. खूण केलेली पत्रे हवीत? नावात एफ असलेल्या फाइली फाइंडकडून मागा. एकही पत्र न उघडता उत्तर मिळते. यादीसाठी प्रत्येक फाइलीच्या हेडरमधून प्रेषक, तारीख आणि विषय उचलायचा, आधी क्रमांक घालायचा, आणि कोणत्या क्रमांकाची फाइल कोणती हे एका तात्पुरत्या फाइलीत टिपून ठेवायचे, म्हणजे सातवे पत्र उघड म्हटल्यावर स्क्रिप्टला नेमके कळते. सर्व्हरशी बोलणे मात्र स्क्रिप्टने अंगावर घ्यायचे नाही. आयमॅपवरून, म्हणजे सर्व्हरवरचे टपाल वाचण्याच्या ठरीव पद्धतीने, टपाल मेलडिरमध्ये उतरवण्याचे काम एमबीसिंककडे, पाठवण्याचे एमएसएमटीपीकडे. जोडणी तुटणे, प्रमाणपत्रे तपासणे, पुन्हा प्रयत्न करणे या त्यांच्या कटकटी. दोन्ही बाजूंना स्क्रिप्टचा संबंध येतो तो फक्त फाइलींशी.

उत्तर लिहिणे हा भाग सर्वांत अवघड वाटतो, पण तिथेही साचाच मदतीला येतो. मूळ पत्राचा मेसेज-आयडी काढायचा, तो नव्या पत्राच्या इन-रिप्लाय-टू या हेडरमध्ये लिहायचा आणि रेफरन्सेस या हेडरमधल्या जुन्या यादीच्या शेवटीही जोडायचा. संभाषणाची साखळी लावताना बहुतेक प्रोग्राम याच दोन ओळींचा आधार घेतात. मूळ पत्रात रिप्लाय-टू असेल तर उत्तर त्या पत्त्यावर, नसेल तर फ्रॉममधल्या. मग कोरी ओळ, तिच्याखाली मूळ मजकूर, प्रत्येक ओळीच्या आरंभी कोनी कंस लावून. ही फाइल नेहमीच्या एडिटरमध्ये उघडायची आणि तो बंद झाला, की पाठवू का असे विचारून ती एमएसएमटीपीच्या हवाली करायची. पत्ते हेडरमधूनच वाचून घे असा पर्याय त्याला देता येतो. जीमेलसारखी सेवा पाठवलेल्या पत्राची प्रत आपणहून ठेवते. जिथे तसे होत नाही तिथे ती प्रत स्क्रिप्टने सेंट फोल्डरात टाकावी.

इथवर सगळे सुरळीत वाटते, पण मराठीत पत्रव्यवहार करणाऱ्याची स्क्रिप्ट लवकरच अडते. 'पावती' हा शब्द असलेली पत्रे शोध असे ग्रेपला सांगावे, तर ती फोल्डरात असूनही बहुधा एकही हाती लागत नाही. कारण ईमेलचा मूळ साचा सात बिटांच्या रोमन मजकुरापुरता होता. १९९२ मध्ये नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी त्याला माइमची जोड दिली, तेव्हा इतर लिप्यांना आणि अटॅचमेंटना वाट मिळाली. जुना साचा मोडायचा नव्हता, म्हणून युक्ती अशी, की नव्या मजकुराने रोमन चिन्हांचा वेष घालून प्रवास करायचा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो वा हलन्त, तीन बाइट घेते. बेस-६४ ही पद्धत तीन बाइटांची चार रोमन चिन्हे करते. म्हणजे एका देवनागरी चिन्हाला बरोबर चार रोमन चिन्हे. देवनागरीच्या चिन्हांचा पहिला बाइट एकच आणि दुसरा जवळपास सारखा असल्याने या चौकड्यांची सुरुवातही एकसारखी होते: आधी चारचा आकडा, मग रोमन के. मराठी पत्राचा कच्चा मजकूर उघडला की ही जोडी पुन्हा पुन्हा दिसते ती यामुळे. मधे मोकळी जागा आली की हा ताल बिघडतो, कारण ती एकाच बाइटाची असते. 'पावती'मध्ये प, काना, व, त आणि वेलांटी अशी पाच चिन्हे, म्हणजे पंधरा बाइट. शब्दाआधी किती बाइट येऊन गेले यावर त्याचे रोमन रूप ठरते आणि अशी तीन रूपे संभवतात. शोधणाऱ्याने कोणते शोधावे?

याचा अर्थ ग्रेप कुचकामी ठरली असा नाही. तिच्या आधी पाइपमध्ये मजकूर उलगडणारी एक कमांड हवी. लीआ नॉयकिर्खेन यांचा एमब्लेझ हा संच नेमका याच कामाचा आहे. एमएचच्याच वळणाने लिहिलेल्या त्याच्या छोट्या कमांडा मेलडिरवर चालतात: एमएचडीआर हेडर उलगडून देते, एमशो मजकूर. आधी उलगडा, मग शोधा, एवढे पथ्य पाळले की 'पावती' सापडते. हेडरमध्ये आणखी एक खाच आहे. लांब हेडर पुढच्या ओळीवर जाऊ शकते आणि ती ओळ मोकळ्या जागेने सुरू होते. विषयातल्या प्रत्येक रूपांतरित तुकड्याला ७५ चिन्हांची मर्यादा आहे. त्यातली बारा वेष्टनात गेली, की यूटीएफ-८ आणि बेस-६४ वापरणाऱ्या तुकड्यात जेमतेम पंधरा देवनागरी चिन्हे मावतात. मराठी विषय बहुतेक वेळा याहून लांब असतो, म्हणून सब्जेक्टची फक्त पहिली ओळ उचलणारी स्क्रिप्ट विषय अर्ध्यावर तोडते. तिसरी खाच थेट आपल्या लेखनातली. 'दुसऱ्या' या शब्दातला ऱ्य युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो: ऱ या वेगळ्या चिन्हाने, किंवा साध्या र-ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच, ग्रेपच्या लेखी मात्र वेगळे. शोधण्याआधी सेडकडून एक रूप दुसऱ्यात बदलून घेतले की हा प्रश्न मिटतो. तिन्ही उपाय मिळून स्क्रिप्ट काही ओळींनीच वाढते, कारण मूळ फाइलीला कुठेही हात लावावा लागत नाही. तसा तो लावूही नये. बऱ्याच पत्रांवर पाठवणाऱ्या सर्व्हरची डीकेआयएम सही असते आणि तिने झाकलेला मजकूर बदलला की ती पडताळणीत टिकत नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा, की आजचे ईमेल मजकुराचे राहिलेच नाही. बँकेचे विवरण, तिकीट, जाहिरात, सारे एचटीएमएलमध्ये येते. ते खरे आहे, आणि चित्रांवर उभे असलेले पत्र टर्मिनलमध्ये उघडे पडते. पण लिंक्स किंवा डब्ल्यू३एमसारखा मजकुरी ब्राउझर पाइपमध्ये घातला तर बहुतेक पत्रांतला कामाचा भाग वाचता येतो, आणि अटॅचमेंट वेगळी काढून योग्य त्या प्रोग्रामात उघडता येते. शिवाय एचटीएमएल आपोआप न रंगवण्यात फायदाही आहे. पत्रात दडवलेले दूरच्या सर्व्हरवरचे चित्र उतरले, की पत्र उघडल्याची बातमी पाठवणाऱ्याला लागते. मजकुरी वाचनात ते चित्र उतरतच नाही. मे २०१८ मध्ये जर्मनी आणि बेल्जियममधल्या विद्यापीठांच्या संशोधकांनी ईफेल या नावाने जो दोष उघड केला, त्याचा एक मार्ग हाच होता. ॲपल मेल आणि थंडरबर्डसारखे प्रोग्राम कूटबद्ध पत्र उलगडून एचटीएमएलमध्ये रंगवत आणि दूरचे चित्र मागण्याच्या मिषाने उलगडलेला मजकूर बाहेर जाऊ शके.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचाच, पण उलट बाजूने: शेल हीच धोक्याची जागा नाही का? आहे. पत्राचा विषय, प्रेषकाचे नाव, अटॅचमेंटचे नाव ही सारी परक्याने लिहिलेली असतात. सप्टेंबर २०१४ मध्ये उघडकीस आलेल्या शेलशॉक या दोषाने दाखवून दिले, की बाहेरचा मजकूर परिसर-चलांच्या वाटेने बॅशपर्यंत पोचला तर तो कमांड म्हणून चालू शकतो. तो दोष तेव्हाच दुरुस्त झाला, पण धडा कायमचा आहे. चलाभोवती अवतरणचिन्हे हवीतच, परक्या मजकुरावर इव्हॅल कधी चालवू नये, पडद्यावर दाखवण्याआधी त्यातली नियंत्रक चिन्हे गाळावीत, आणि अटॅचमेंटचे नाव जसेच्या तसे वापरू नये. त्यात वरच्या फोल्डराकडे नेणारी दोन टिंबे दडलेली असू शकतात. शंभर ओळींच्या स्क्रिप्टची जमेची बाजू ही, की हे नियम पाळले आहेत की नाहीत हे एका बैठकीत वाचून तपासता येते.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी तथाकथित कमी सुरक्षित ॲपचा, म्हणजे नुसत्या नेहमीच्या पासवर्डवर बाहेरून प्रवेश देण्याचा मार्ग बंद केला, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंज ऑनलाइनमध्ये तशीच पावले टाकली. मग ही स्क्रिप्ट चालणार कशी? इथे कामाची वाटणी उपयोगी पडते. प्रवेशाचा प्रश्न एमबीसिंक आणि एमएसएमटीपी यांचा आहे. दोघांनाही पासवर्ड फाइलीत लिहून न ठेवता एखाद्या कमांडकडून मागून घेता येतो; ती कमांड जीमेलचा ॲप पासवर्ड देईल, किंवा योग्य जोडणी असेल तर पासवर्डऐवजी चालणारे ओऑथचे टोकन देईल. बाकी स्क्रिप्टची एकही ओळ बदलत नाही. मात्र एखाद्या संस्थेने आयमॅपच बंद ठेवला असेल, तर तिथे ही पद्धत चालणार नाही हे सरळ मान्य करावे. मोबाइलचा प्रश्न याहून सोपा आहे. एमबीसिंक मूळ पत्रे सर्व्हरवर राहू देतो आणि एसची खूण आयमॅपच्या वाचले या खुणेशी जुळवून घेतो, त्यामुळे टर्मिनलमध्ये वाचलेले पत्र फोनवरही वाचलेले दिसते. जीमेल वापरणाऱ्यांनी एक जपावे: तिथे एका पत्राला तीन लेबले असली तर आयमॅपवर तेच पत्र तीन फोल्डरांत दिसते आणि तीनदा उतरते. म्हणून हवे तेवढेच फोल्डर जुळवावेत.

चौथा आक्षेप आकाराचा आहे: पन्नास हजार पत्रे उलगडून शोधायला वेळ लागणारच. तो लागतो, आणि तेव्हा सूची हवी. कार्ल वर्थ यांनी २००९ मध्ये सुरू केलेला नॉटमच हा प्रोग्राम मेलडिरवर झेपियन या शोधयंत्रणेची सूची बांधतो आणि शोध क्षणात पुरा करतो. पत्रे जागच्या जागी राहतात. सूची बिघडली तर पुसून नव्याने बांधता येते. नॉटमचमध्ये लावलेले बहुतेक टॅग मात्र त्या सूचीतच असतात, म्हणून त्यांची प्रत अधूनमधून काढून ठेवावी. अवस्था पत्रासोबत राहिली नाही, की तिची निगा वेगळी राखावी लागते. एमएचच्या नोंदफाइलीने जे दाखवले होते तेच इथे पुन्हा दिसते.

राहता राहिला सर्वांत मोठा आक्षेप: एवढे करून मिळते काय, आणि कुणाला? रोज पाचसहा पत्रे फोनवर वाचणाऱ्याला याची गरज नाही, आणि सामायिक कॅलेंडरांवर चालणाऱ्या कार्यालयालाही ही स्क्रिप्ट पुरणार नाही. पण जिथे पत्र हाच कच्चा माल असतो, तिथे हिशोब बदलतो. लिनक्स कर्नलमधले बदल आजही ईमेलने पाठवले जातात. गिटमध्ये पत्रातून बदल पाठवणारी सेंड-ईमेल आणि आलेल्या पत्रातला बदल थेट लागू करणारी एएम अशा दोन कमांडा त्यासाठीच आहेत, आणि जीमेलचे वेब-रूप टॅबच्या जागी मोकळ्या जागा घालते म्हणून या कामाला चालत नाही असे कर्नलची मार्गदर्शिकाच सांगते. महिन्याची बिले एकत्र करणारा लेखापाल, आलेल्या अर्जांची यादी लावणारी संस्था, जुना पत्रव्यवहार चाळणारा अभ्यासक यांची गरजही अशाच जातीची आहे. तयार प्रोग्रामात जे बटण नाही ते काम होत नाही. इथे पत्रे फाइली आहेत, म्हणून आधीच्या सात लेखांकांतली प्रत्येक कमांड त्यांना लागू पडते.

मांडणीची कसोटी स्क्रिप्ट टाकून देताना लागते. उद्या ही स्क्रिप्ट नकोशी झाली तरी त्याच मेलडिरवर मट हा टर्मिनलमधला मेल-प्रोग्राम चालतो, नॉटमच चालतो, डव्हकॉटसारखा आयमॅप सर्व्हरही चालतो. एकही पत्र एका रूपातून दुसऱ्यात न्यावे लागत नाही. अडचण एकाच ठिकाणी येते: विंडोजला फाइलीच्या नावात कोलन चालत नाही, म्हणून पेन ड्राइव्हवर प्रत घेताना फाइली सुट्या न टाकता टार करून एकत्र बांधाव्यात. पुढच्या लेखांकात ठरलेल्या वेळी कामे आपोआप उरकणारा क्रॉन पाहू आणि टपाल आणण्याचे काम त्याच्याकडे सोपवू. तोवर एमबीसिंकने एकच फोल्डर उतरवून घ्या आणि त्याच्या प्रतीवर सराव करा. एमबीसिंकच्या मूळ सेटिंगमध्ये पत्रे कायमची पुसली जात नाहीत. हात बसेपर्यंत ते सेटिंग बदलू नका.